पुढून हिवाळा, मागून उन्हाळा

बिश्केक, ४ नोव्हेंबर २००७

आके,

या फेरीला जुमाशच्या गाडीतून पिशवी पाठवते आहे. आत चहा आहे, मोज्यांचे दोन जोड आहेत आणि तुमच्या कानाच्या मशीनचे सेल. मशीन वापरता का? जुमाश म्हणतो, "म्हातारा ते खिशात ठेवतो आणि समोरच्याला वाटतं ऐकतोय." पोस्टातल्या फोनवर मी मागच्या वेळी इतकी ओरडले, की रांगेतल्या सगळ्यांना आपल्या घरचं कळलं. तुम्हाला मात्र काही कळलं नाही. म्हणून हे पत्र.

एक विचारायचं आहे. मी गाडी चालवायला शिकले. परवानाही मिळाला. या हिवाळ्यात स्वतः गाडी घेऊन घरी यावं म्हणते. एर्मेकला दुकानातून सवड नाही, त्यामुळे एकटीच येईन. तो-अशूची खिंड बर्फात ओलांडायची तर टायर कोणते घालावेत? तुमचं आयुष्य त्या खिंडीतला बर्फ उपसण्यात गेलं. तुम्हाला नाही विचारायचं तर कुणाला.

इथे एका दुकानात परदेशी लोकांसाठी चिय टांगलेला पाहिला. गवताच्या काड्यांवर लोकर गुंडाळलेली होती, पण घाईघाईनं. नक्षी जिथे वळायला हवी तिथे ती तुटत होती. आईच्या हातचा पडदा अजून मोठ्या खोलीत भिंतीशी उभा आहे का?

तुमची लेक,
बुरुल्चा


सूसामिर, ११ नोव्हेंबर

बुरुल,

चहा चांगला आहे. मोजे मोठे आहेत, पण दोन एकावर एक घातले की बसतात. मशीनमध्ये वारा ऐकू येतो. वारा मला मशीनशिवायही माहीत आहे.

आता टायर. उन्हाळी टायर थंडीत लाकूड होतात, त्यांच्यावर इथे येणारा माणूस एकदाच येतो. बारमाही म्हणून जे विकतात ते दोन बायकांच्या नवऱ्यासारखे, कुठल्याच घरी कामाचे नाहीत. हिवाळी घ्यायचे, खिळ्यांचे. घेताना रबरावर नख दाबून बघायचं. वळ उठला तर रबर जिवंत आहे. टायरच्या कडेला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचल्याशिवाय विकणाऱ्याशी बोलू नकोस.

पण हे सगळं जावयासाठी, एर्मेकसाठी लिहितो आहे. त्याची जीप जड, चाकं रुंद, आणि तू नवशिकी. त्याला सवड नसेल तर येऊ नकोस. वसंतात ये, तेव्हा रस्ता काळा असतो. माझं इथे बरं चाललं आहे. लोक येतात जातात. एकट्या माणसाला एक खोली पुरते, म्हणून मोठ्या खोलीतली चूल मी पेटवत नाही. चिय तिथेच आहे.

जुमाशला तू सांगितलंस म्हणे, की यापुढे पत्र एर्मेकच्या दुकानात टाकू नकोस, मी गाड्यांच्या अड्ड्यावर येऊन घेईन. थंडीत अड्ड्यावर उभी राहू नकोस.

शार्शेन


बिश्केक, २४ नोव्हेंबर

आके,

अड्ड्यावर शेगडी असते. मी तिच्याजवळ उभी राहते.

काल टायरच्या बाजाराला गेले. टायरांच्या उतरंडी माणसाहून उंच, आणि मधे अरुंद बोळ. विकणारा माझ्याकडे बघून म्हणाला, "एजे, नवरा कुठंय? नवऱ्याला पाठवा, टायर म्हणजे काही दुपट्टे नाहीत." मी म्हटलं, दुपट्टे मी स्वतः शिवते, टायर शिवता येत नाहीत म्हणून आले. मग तो नीट बोलला.

त्याच्याकडे चार टायर होते, गुळगुळीत काळे, खाचा खोल. "नवेकोरे आहेत, एजे. यांनी अजून रस्ता बघितलेला नाही." मी चौकट वाचली. अडतिसावा आठवडा, २००१. माझं लग्न झालं तोच आठवडा, आके. मी नख दाबलं. वळ उठला नाही. पण मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

तो म्हणतो, खिळे आता जुन्या लोकांचे राहिले. हल्ली लोक लिपुचका घेतात, म्हणजे चिकटू. खिळे नाहीत, नुसतं मऊ रबर आणि त्याला बारीक बारीक चिरा. हे खरं का? आपल्या चाकाचं माप १५५, ६५, १३ आहे. या मापात त्याच्याकडे दोन्ही जाती आहेत.

वसंतात ये म्हणालात. वसंतात टायर लागत नाहीत, तेव्हा कुणीही येऊ शकतं.

आणखी एक. मी आले आणि जरा जास्त दिवस राहिले, तर? माझ्या लग्नात तुम्ही ती म्हण म्हणाला होतात, दिलेली लेक चियच्या बाहेर, म्हणजे परकी. सगळे हसले होते. मीही हसले होते.

बुरुल


सूसामिर, १६ डिसेंबर

बुरुल,

जुमाश दोनदा रिकाम्या हातानं परत आला असेल. त्याचा दोष नाही, मी लिहिलंच नव्हतं.

तू पाठवलेलं माप मी वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एर्मेक आला होता तेव्हा त्याची जीप मी अंगणात धुतली होती, तिच्या चाकावर दोनशे पासष्ट होतं. तू एकशे पंचावन्न लिहितेस. गाडी कुणाची ते मी विचारत नाही.

अरुंद चाक चांगलं. अरुंद चाक बर्फ कापत खाली जातं आणि जमीन गाठतं. रुंद चाक वरच्यावर तरंगतं, आणि बसलेल्याला वाटतं गाडीनं रस्ता धरला आहे.

ते २००१ चे टायर घेऊ नकोस. दिसायला नवे दिसतील. रबर वापरलं नाही, नुसतं पडून राहिलं, तरी मरतं. त्यात कुणाची चूक नसते.

मागच्या पत्रात मी बारमाहीबद्दल चेष्टा केली होती. ती वाचू नकोस.

चिकटू मी कधी चालवलेले नाहीत. खिंडीखालच्या चौकीवर लोक असतात, त्यांना विचारतो. मोठ्या खोलीतल्या चुलीत गोवऱ्या रचून ठेवल्या आहेत. पेटवलेल्या नाहीत.

शार्शेन


बिश्केक, २० डिसेंबर

आके,

म्हणजे आकड्यानं सांगितलं. मला वाटलं होतं, समोर बसून सांगेन.

सप्टेंबरपासून मी त्या घरात नाही. तिथे आता दुसरी आहे, आणि ती दोन जिवांची आहे. सासूबाई वाईट वागल्या नाहीत. त्या रात्री माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "रडू नकोस गं, भिंत पातळ आहे, तिला ऐकू जाईल." मग मी रडले नाही. शहराच्या टोकाला एक खोली घेतली आहे, आणि शिवणाच्या कारखान्यात जाते. वीज गेली की आम्ही बायका मशीन सोडून हातानं काजं करतो आणि कुणी ना कुणी गाणं म्हणतं. मला गाण्यांचे शब्द येत नाहीत, मी नुसता सूर धरून राहते. गाडी माझी आहे. जुनी आहे, तिचा एक दरवाजा दुसऱ्या रंगाचा आहे.

चुलीत गोवऱ्या रचल्या आहेत, पेटवलेल्या नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी कारखान्यात नेऊन वाचलं, खोलीत वाचलं. ते 'ये' आहे की 'येऊ नकोस' आहे, मला समजलं नाही. आई असती तर विचारलं असतं, यांना काय म्हणायचंय? ती म्हणाली असती, यांना तरी कुठे ठाऊक.

मी दोन टायर घेतले, खिळ्यांचे, तुमच्या पहिल्या पत्राप्रमाणे. चारांइतकी ऐपत नव्हती. पुढे घातले आहेत, कारण या गाडीत इंजिन पुढची चाकं ओढतं. शनिवारी सकाळी निघते. हे पत्र जुमाश रविवारी आणेल, तेव्हा ते आपण दोघं मिळून वाचू.

बुरुल


सूसामिर, २५ डिसेंबर

बुरुल,

पत्र रविवारी आलं. तू आली नाहीस. आज मंगळवार आहे.

जुमाश म्हणतो, खिंडीत त्याला लहान गाडी दिसली नाही. रस्त्यावर नाही आणि खालीही नाही. खाली बघितलंस का, म्हणून मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "शार्शेन-आके, मी प्रत्येक वळणावर बघितलं."

मी फाट्यावर उभा असतो. मशीन कानात घातलं आहे. त्यात वारा, एक कुत्रा आणि माझाच श्वास ऐकू येतो. काल एक इंजिन ऐकू आलं, तो दुधाचा ट्रक होता.

दोनच टायर घातलेस. तेही पुढे. पुढचं रस्ता धरतं आणि मागचं सोडतं, मग उतारावर गाडी स्वतःभोवती फिरते. पूर्वी आमचे ड्रायव्हरही हेच करायचे, मागे इंजिनाचा जोर म्हणून मागे दोन घालायचे आणि वळणावर सरळ दरीत जायचे. चार चाकांना चार टायर, हे लिहावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवू? तुझ्या खोलीचा पत्ता माझ्याकडे नाही. जुमाशकडे देतो, तो अड्ड्यावर वाट बघेल.

मोठं पत्र नको. 'आहे' एवढं लिही.

शार्शेन


बिश्केक, ६ जानेवारी २००८

आके,

आहे.

जुमाश अड्ड्यावर दोन रविवार वाट बघत होता. मी तापानं पडले होते, आज उठून गेले. त्यानं मला बघितलं आणि आधी शिव्या दिल्या, मग तुमचं पत्र दिलं.

काय झालं ते लिहिते. शनिवारी खिंडीखालच्या चौकीपर्यंत छान आले. चौकीच्या अलीकडचं वळण तुम्हाला माहीत आहे, डावीकडे नदी. तिथे मी पाय जरासा ब्रेकवर ठेवला. गाडीचं पुढचं टोक जागच्या जागी राहिलं आणि मागचं टोक मला ओलांडून गेलं. आवाज काहीच झाला नाही. थांबली तेव्हा गाडीचं तोंड बिश्केककडे होतं. मी बसून राहिले. मला वाटलं, हिलाच माझ्यापेक्षा जास्त कळतं.

चौकीवरचा माणूस चालत आला. तोंडावर मफलर, हातात फावडं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि काचेवर टकटक केली.

"एजे, पुढून हिवाळा, मागून उन्हाळा. मधे बसून तुम्ही चाललात कुठे?"

"घरी."

"गाडीत आणखी कोण?"

"कुणी नाही."

"म्हणजे मागे वजनही नाही," तो म्हणाला.

त्यानं गाडी स्वतः बाजूला लावली आणि मला आत नेऊन चहा दिला. कुणाची मुलगी, विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "बहिऱ्या शार्शेनची? ते परवाच येऊन गेले. जुमाशच्या गाडीत बसून खिंड ओलांडून आले, मला म्हणाले, चिकटू टायर दाखव. मी माझ्या गाडीचे दाखवले. खाली बसले, हातमोजा काढला आणि चारही टायरांवरून हात फिरवला. मी म्हटलं आके, बोटं जातील. त्यांना ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, हे एकशे पंचावन्नमध्ये मिळतं का?"

तुम्ही मला लिहिलं होतंत, चौकीवरच्या लोकांना विचारतो. मला वाटलं, कुणाकरवी निरोप धाडाल.

त्यानं मला वर सोडलं नाही. म्हणाला, चार घालून या, मग मी स्वतः फाटक उचलेन. संध्याकाळी त्याची पाळी संपली, तेव्हा एका ट्रकच्या मागे मागे मी परत आले.

आज अड्ड्यावरून येताना मी सोनाराकडे गेले. मागणी घालताना सासूबाईंनी माझ्या कानांत घातलेली कर्णफुलं विकली. त्यात चार टायर होतात. आता सांगा, खिळे की चिकटू? या वेळी तुम्ही म्हणाल तेच घेईन. पण सरळ लिहा, आके. गोवऱ्यांचं लिहू नका.

माझ्या खोलीचा पत्ता पाठीमागे लिहिला आहे.

बुरुल


सूसामिर, १३ जानेवारी

बुरुल,

चिकटू. चारही.

मी आयुष्यभर खिळ्यांचे घातले आणि तुलाही तेच सांगितलं, पण ते खालच्या ओल्या बर्फासाठी ठीक. इथे या वर्षी अशी थंडी आहे, की बर्फ दगड झाला आहे. खिळा दगडात शिरत नाही, वरून घसरतो आणि चर्र करतो. चौकीवरच्या माणसाचं रबर त्या थंडीतही माझ्या बोटांखाली दबलं. इतकं मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं. चौकट वाच, याच वर्षीचे किंवा गेल्या वर्षीचे घे. नख दाब. खिळ्यांचे दोन जुमाशला देऊन टाक, त्याच्या मेहुण्याच्या गाडीला बसतील.

कर्णफुलांचं बरं केलंस. घाटात सारखी मान वळवून मागे बघावं लागतं, कान हलके असलेले बरे.

सरळ लिही म्हणालीस. मी दोन कागदांवर लिहून बघितलं. ते मला जमलं नाही, म्हणून चुलीत घातले. त्यावरच मोठ्या खोलीतली चूल पेटवली. आधी धूर कोंडला, नळीत पक्ष्यानं घरटं केलं होतं. ते काढलं. आता नळी धूर ओढते. शेजारची कराकात विचारायला आली, पाहुणे कोण येणार? मशीन खिशात होतं.

शार्शेन


बिश्केक, २७ जानेवारी

आके,

चार घातले. या वर्षीचे मिळाले नाहीत, गेल्या वर्षीच्या चव्वेचाळिसाव्या आठवड्याचे आहेत. त्या आठवड्यात मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं होतं. वळ उठतो.

विकणारा तोच होता. म्हणाला, "एजे, या वेळीही नवरा नाही आला?" मी म्हटलं, या वेळी बापाला विचारून आले. त्यानं चाकं बसवायचे पैसे घेतले नाहीत.

खोली महिनाअखेरीस सोडायची आहे. माझं सामान मागच्या सीटवर मावतं. मागे वजन असेल.

शनिवारी निघते. वारा असेल तर चौकीवर थांबेन, घाई करणार नाही.

बुरुल


सूसामिर, ३१ जानेवारी
खिंडीखालच्या चौकीवर बुरुल्चाला द्यावे

बुरुल,

हे तुला चौकीवरचा माणूस देईल. त्याचा चहा घे, नाही म्हणू नकोस. तोवर तो चाकांची हवा बघेल. थंडीत हवा आकसते, घरून निघताना होती तेवढी आता नसेल.

चढावर मधे थांबायचं नाही. बोगद्यात दिवे अर्धेच लागतात, पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांवर नजर ठेव. बाहेर पडताना एकदम पांढरं होतं आणि डोळे मिटतात, म्हणून वेग आतच कमी कर. तिथे सगळेच चुकतात. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सोड आणि पाय ब्रेकपासून लांब ठेव. तिला तिच्या वजनानं येऊ दे. मागचं टोक सरकलं तर घाबरून उलटं वळू नकोस. ते जिकडे जाईल तिकडेच स्टिअरिंग थोडं दे, ते परत येतं.

फाट्यापर्यंत रस्ता चांगला आहे. जुमाश काल आला, त्याला विचारलं.

आपल्या घराखालचा चढ मात्र वाईट झाला आहे. नळ फुटून पाणी वाहिलं आणि गोठलं, काचेसारखं. तिथे कुठलाच टायर धरणार नाही, खिळ्यांचा नाही आणि तुझा चिकटूही नाही. मी राख टाकली, ती वाऱ्यानं नेली. पेंढा टाकला, तो कराकातच्या गाईनं खाल्ला. कुदळीनं खणून बघितलं. माझ्या हातात आता तेवढा जोर नाही.

मग मोठ्या खोलीतून तुझ्या आईचा चिय आणला आणि त्या चढावर अंथरला. लांबी बरोबर पुरली, खालच्या दगडापासून दारापर्यंत. नक्षी वरच्या बाजूला आहे. काड्यांवरची लोकर बर्फाला धरून गोठली आहे, ओढून बघितलं, हलत नाही. कराकात येऊन बराच वेळ हातवारे करत होती. मी चहा विचारला.

चियपाशी येऊन थांबू नकोस. थांबलीस तर पुन्हा चढता येणार नाही. पहिल्या गिअरमध्ये सरळ वर आण. काड्या मोडल्याचा आवाज येईल. येऊ दे.

मशीन मी कानात घातलं आहे.

शार्शेन